रियाज कुणाचा कमी होतोय, एवढंच विचारा



शाळेत असताना गाणाऱ्या मुलीचं आपण किती कौतुक करतो! स्वागतगीत तिचं, स्नेहसंमेलनात पहिला मान तिचा. तीच मुलगी पुढे एकोणीस-वीस वर्षांची होते, संगीत विषय घेऊन बी.ए. करायला लागते. मग एक दिवस घरी कळतं की परगावच्या एका मुलाशी तिचं रोज फोनवर बोलणं होतं. लगेच पहिलं वाक्य येतं, "आधी तो गाण्याचा क्लास बंद कर!" अशा वेळी कॉम्प्युटरचा क्लास कुणी बंद करत नाही. गाणं मात्र आधी जातं, कारण त्याला आपण मनातून अभ्यास मानलेलंच नसतं.

तो अभ्यास किती मोठा आहे ते बघा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात परीक्षा आहेत. दर वर्षी एक म्हटली तरी सात वर्षं झाली. शिवाय परीक्षा म्हणजे सगळं गाणं नव्हे. पहाटेचा खर्ज, पलटे, एकच बंदिश महिनोन् महिने घोटणं हे सगळं रोजचं. शनिवार-रविवारी एकदम बसून ते भरून निघत नाही.

म्हणून पालकांची काळजी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. रात्री दीडपर्यंत बोलणं झालं की पहाटेचा खर्ज बुडतोच. त्यात आता तानपुराही मोबाईलमध्येच आला. ॲपवर षड्ज-पंचम लावून मुलगी डोळे मिटून बसते, आणि त्याच मोबाईलवर त्याचा मेसेज टुणकन वाजतो. सूर लागता लागता लक्ष उडतं. पण हा दोष प्रेमाचा की मोबाईल उघडा ठेवण्याचा?

हा प्रश्न काही आजचा नाही. जर्मनीतल्या लाइपझिगची क्लारा वीक, जन्म 1819. वडील नामांकित पियानोशिक्षक, आणि त्यांच्याकडेच शिकायला आलेला रॉबर्ट शुमान. दोघांचं जुळलं. वडिलांनी भेटीगाठी बंद केल्या, दोघांना दूर ठेवलं. पत्रं मात्र सुरूच राहिली आणि क्लाराच्या मैफलीही. अखेर कोर्टाची परवानगी मिळवून 12 सप्टेंबर 1840 रोजी त्यांनी लग्न केलं. त्या एका वर्षात रॉबर्टने शंभराहून जास्त गाणी रचली.

पण खरी गंमत पुढे आहे. लांब असताना क्लाराचा पियानो चालू होता. एका घरात आल्यावर मात्र तो अडला! रॉबर्ट संगीतरचना करत असला की तिच्या वाजवण्याने त्याला व्यत्यय यायचा. मग तिने सराव थांबवायचा. ही खंत त्यांच्या लग्नानंतरच्या डायरीत नोंदलेली आहे.

म्हणून मला वाटतं, आपण मुलांना चुकीचा प्रश्न विचारतो. "कोण आहे तो? कुठला आहे?" हे विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण त्याआधी विचारा, "तुझा रियाज किती चाललाय? आणि तुझ्या रियाजाच्या वेळी तो काय करतो?" जो मुलगा म्हणतो, "तुझं आटपलं की फोन कर," तो वेगळा. आणि जो म्हणतो, "एक दिवस नाही गायलीस तर काय बिघडतं?" तो वेगळा. हे मुलीला स्वतःला दिसलं पाहिजे. आपण आरडाओरडा केला की ती त्याची बाजू घेते, आणि मग तिला काहीच दिसत नाही.

घरात एवढं नक्की करता येईल:

1. रियाजाची वेळ ठरलेली असू द्या. त्या वेळी पाहुणे, घरकाम, फोन काहीच नाही. घरच्यांनीच ती मोडली, तर त्या मुलाने ती पाळावी असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

2. तानपुऱ्याचं ॲप आधी डाउनलोड केलेलं असेल आणि नेटशिवाय चालत असेल, तर मोबाईल फ्लाइट मोडवर टाका. जमलं तर वेगळा इलेक्ट्रॉनिक तानपुराच घ्या.

3. रात्रीच्या बोलण्याला मर्यादा मुलीनेच ठरवावी. आपण फक्त विचारावं, "पहाटे किती वाजता उठणार?"

4. शिक्षा म्हणून गाणं कधीही बंद करू नका.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. नातं टिकेल, न टिकेल. त्या वयात कुणालाच सांगता येत नाही. पण उद्या ते तुटलंच, तर तिला सावरायला काय उरणार? आपण बंद केलेला क्लास? की रोज पहाटे लावलेला तिचा स्वतःचा षड्ज?

मुलग्यांच्या पालकांनाही हेच सांगणं आहे. तुमचा मुलगा कुणाच्या रियाजाच्या वेळी फोन करत नाही ना, तेवढं बघा.