'उफा'चा मालक कोण होता?

जर्मन मूकपटांचा विषय निघाला की फेसबुकवर तीच चार चित्रं फिरतात. 'कॅलिगरी'मधल्या वाकड्या भिंती, लांब नखांचा नोस्फेरातू, 'मेट्रोपोलिस'मधली यंत्रबाई. खाली ओळही ठरलेली: 'उफा' स्टुडिओत किती मोकळी कला चालली होती बघा, आणि मग हिटलर आला! परवा पुन्हा वाचलं आणि राहवलं नाही. पोस्ट थोडी लांब होईल, सांभाळून घ्या.

आधी किरकोळ दुरुस्ती. 'नोस्फेरातू' उफाचा नाहीच, तो प्राना नावाच्या छोट्या कंपनीचा. 'कॅलिगरी' १९२० चा, डेक्ला कंपनीचा. ती उफात गेली १९२१ मध्ये. असो. माझं भांडण त्या 'आणि मग'शी आहे.

उफा जन्माला आली डिसेंबर १९१७ मध्ये, ऐन महायुद्धात. जनरल लुडेनडॉर्फला प्रचारासाठी सिनेमा हवा होता. चालू असलेल्या कंपन्या एकत्र केल्या, सरकारचा आणि बँकांचा पैसा घातला, अडीच कोटी मार्कांचं भांडवल उभं राहिलं. वर्षभरात युद्ध हरले, कैसर हॉलंडला पळाला, आणि कारखाना मात्र जागेवर राहिला. मग त्यातून प्रेमकथा, विनोदी पट, राजेरजवाड्यांचे भपकेबाज पट निघायला लागले. आपण आठवतो ते दहा-बारा सिनेमे. रोजचा गल्ला यांच्यावर चालायचा.

त्यातलाच 'फ्रिडेरिकस रेक्स'. निर्मिती दुसऱ्याची, पण थिएटरांत लावला उफाने. १९२२-२३ मध्ये चार भाग आले. प्रशियाचा राजा फ्रेडरिक, त्याचं सैन्य, त्याचे बिगुल. प्रजासत्ताक जेमतेम तीन-चार वर्षांचं, आणि प्रेक्षक पडद्यावरच्या राजाला टाळ्या देतायत! डाव्यांनी बहिष्काराची हाक दिली, तरी थिएटरं भरलेलीच. राजा झालेला ओटो गेब्यूर पुढे वीस वर्षं तोच राजा करत राहिला, थेट गोबेल्सच्या काळातल्या १९४२ च्या सिनेमापर्यंत.

याच उफाने १९२४ मध्ये मुर्नाऊचा 'द लास्ट लाफ' काढला. माझा सगळ्यात आवडता. हॉटेलचा म्हातारा दरवान. त्याचा रुबाबदार गणवेश काढून घेतात आणि त्याला खाली संडासात टॉवेल द्यायला बसवतात. पडद्यावर पाट्या जवळपास नाहीतच. गणवेश गेल्यावर शेजारपाजारचे त्याला कसे हसतात, ते बघवत नाही. म्हणजे एकच कंपनी एका हाताने गणवेशाचं वेड विकत होती आणि दुसऱ्या हाताने ते उघडं पाडत होती. तोवर ठीक होतं म्हणा.

मग पैसा संपला. 'मेट्रोपोलिस'चा खर्च ठरला होता दीड कोटीच्या दहाव्या हिश्शाइतका, पंधरा लाख मार्क. गेला पन्नास लाखांच्या वर. त्याआधीच १९२५ च्या अखेरीस पॅरामाउंट आणि एमजीएमकडून चाळीस लाख डॉलरचं कर्ज उचललं होतं. १० जानेवारी १९२७ ला 'मेट्रोपोलिस' लागला, आपटला, आणि काही महिन्यांत उफा विकत घेतली आल्फ्रेड हुगेनबर्गने. हा गृहस्थ पूर्वी क्रुपच्या तोफांच्या कारखान्याचा प्रमुख. वर्तमानपत्रं त्याची, वृत्तसंस्था त्याची, जाहिरात कंपनी त्याची. आता थिएटरांत सिनेमाआधी दाखवायच्या बातम्याही त्याच्याच.

आणि गंमत बघा, त्याने काहीही बंद पाडलं नाही. १९३० चा 'ब्लू एंजल' त्याच्याच मालकीत निघाला. आपल्याकडे एखादं चॅनेल विकलं गेलं की लोक म्हणतात ना, 'अहो, कार्यक्रम तर तेच आहेत!' बर्लिनच्या प्रेक्षकालाही १९२७ मध्ये कार्यक्रम तेच दिसत होते. बदलला होता तो फक्त निर्णय घेणारा.

१९२८ मध्ये हुगेनबर्ग उजव्या राष्ट्रवादी पक्षाचा अध्यक्ष झाला. ३० जानेवारी १९३३ ला हिटलरच्या पहिल्या मंत्रिमंडळात मंत्री. २९ मार्चला उफाच्या संचालकांची बैठक भरली आणि ज्यू कर्मचाऱ्यांना काढायचं ठरलं. तसं करा म्हणणारा कुठलाही कायदा तेव्हा नव्हता. सरकारी नोकरांसाठीचासुद्धा ७ एप्रिलला आला. काढलेल्यांत एरिक पॉमर होता. 'कॅलिगरी', 'द लास्ट लाफ', 'मेट्रोपोलिस', 'ब्लू एंजल', या सगळ्यांचा निर्माता.