नकाशात ओटीला जागा हवी

पेण आणि रोह्यात जुनी कौलारू घरे पाडून इमारती उभ्या राहत आहेत: वर फ्लॅट, खाली पार्किंग. या बदलाची चर्चा पाणी, रस्ते आणि दर यांपाशीच थांबते. माझी काळजी ओटी-पडवीची आहे. ना पुरती घरात, ना पुरती रस्त्यावर अशी ही जागा. तिथे बसून न भिजता पाऊस बघता येतो. आलेल्या माणसाला एकदम माजघरात न्यावे लागत नाही आणि दारातून परतवावेही लागत नाही. पेणजवळच्या हमरापूर, जोहे परिसरात गणपतीचे काम घराला लागूनच वाढले. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करताना श्वास रोखून ओढलेली भुवईची रेघ तिथले मूल हातभर अंतरावरून पाहत मोठे होते. त्याला कोणी मुद्दाम शिकवायला बसत नाही. हेच काम शटर ओढलेल्या गाळ्यात गेले, तर मूर्ती तयार होतील, पण असे नकळत शिकणे कुठे होणार?

हा निव्वळ भावनेचा मामला नाही. संशोधक रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या नोंदी मांडल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते रुग्ण समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले. थोड्या दिवसांच्या मुक्कामात एक खिडकी एवढा फरक पाडत असेल, तर जन्मभर वापरलेल्या जागेचा परिणाम नाकारता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल: जुन्या घरात ओटीवर कोणी बसायचे आणि कोणी अंगणातच उभे राहायचे, हे जात ठरवत होती. बायकांच्या वाट्याला धुराने काळवंडलेले स्वयंपाकघर होते. हा आक्षेप खरा आहे, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. जागा मन घडवते, म्हणूनच ती पिढ्यान्‌पिढ्या अपमानही करू शकली. जुने घर जसेच्या तसे परत आणा, असे कोणीच म्हणू नये. नवी ओटी सामाईक हवी, तिथे कोणाची मालकी नको. रोह्याला कुंडलिका नदीचा काठ आहे, मग इमारतीत वेगळी जागा कशाला, असेही विचारले जाईल. काठावर ठरवून जावे लागते; गुडघे दुखणाऱ्या आजींना ते रोज जमत नाही. राहिला जमिनीच्या भावाचा प्रश्न. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात नवी मुंबईतल्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये लहान-लहान भूखंडांवरही सात-आठ घरांना मिळून एक अंगण दिले. म्हणजे जागेची टंचाई असूनही हे जमते.

पेण आणि रोहा-अष्टमी नगरपरिषदांनी बांधकाम परवानगी देताना एवढे तरी मागावे: तळमजल्यावर दोन गाड्यांची जागा मोकळी सोडून रस्त्याकडे तोंड केलेली, छपराखालची बाके, आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर उघडणारी खिडकी. बिल्डरला हा खर्च जड नाही.