पहिल्या पुस्तकाचा पहिला वाचक



वाचनालयात कपाटासमोर उभे राहिलात की तुमचा हात आपोआप कुठे जातो? मी सांगू? फास्टर फेणेकडे, गोट्याकडे, नाहीतर त्या चष्मेवाल्या हॅरी पॉटरकडे! जाऊ दे की. ती पुस्तकं आहेतच तशी. पण त्याच कपाटात, बहुधा अगदी खालच्या फळीवर, एक कोरं करकरीत पुस्तक बसलेलं असतं. त्याच्यावरचं नाव आपण कधी ऐकलेलं नसतं. "हे कोण बुवा?" असं म्हणून आपण पुढे सरकतो, आणि ते पुस्तक बिचारं तिथंच राहतं.

आज मी त्या खालच्या फळीवरच्या पुस्तकाची वकिली करणार आहे. कुणाचं तरी आयुष्यातलं पहिलंवहिलं पुस्तक! आपल्या सगळ्यांचा लाडका हॅरीसुद्धा एकदा असाच अनोळखी होता बरं का. कितीतरी प्रकाशकांनी त्याला 'साभार परत' पाठवलं होतं. १९९७ साली तो इंग्लंडमध्ये छापून आला, तेव्हा पक्क्या बांधणीच्या पहिल्या प्रती होत्या फक्त ५००!

पण आज गोष्ट सांगायची आहे ती हॅरीची नाही. ती आहे एका शाळकरी मुलीची.

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात टल्सा नावाचं शहर आहे. तिथं सुझन एलोइझ हिंटन नावाची मुलगी शिकत होती. वाचनाचं भारी वेड. पण तिची एक तक्रार होती. तिच्या वयाच्या मुलामुलींसाठी म्हणून जी पुस्तकं मिळत, त्यांत सगळं गोड गोड असायचं. शाळेतला नाचाचा कार्यक्रम, त्यासाठी नवा पोशाख, कोण कुणाबरोबर जाणार, वगैरे. आणि शाळेबाहेर तिला काय दिसत होतं? श्रीमंत पोरांची एक टोळी, गरीब वस्तीतल्या पोरांची दुसरी टोळी, आणि दोघांत हाणामाऱ्या. एकदा तर तिच्या एका मित्राला शाळेतून घरी येताना गाडीतून आलेल्या 'चांगल्या घरच्या' मुलांनी बडवून काढलं. का? तर तो दुसऱ्या टोळीतला म्हणून.

सुझन घरी आली ती रागानं धुमसत. आणि तिनं लिहायला घेतलं. तेव्हा ती १५ वर्षांची होती. पुन्हा पुन्हा लिहून, खोडून, वाढवून तिनं अख्खी कादंबरी उभी केली. गंमत अशी, की ज्या वर्षी ती हे लिहीत होती, त्याच वर्षी शाळेत लेखनाच्याच विषयात तिला 'ड' श्रेणी मिळाली! (हे वाचून निबंधाची वही आईबाबांपुढे नाचवू नका हं.)

पुढे एका मैत्रिणीच्या आईमुळे हस्तलिखित न्यूयॉर्कला पोचलं आणि १९६७ साली कादंबरी प्रकाशित झाली. नाव 'द आउटसायडर्स', म्हणजे 'बाहेरचे', ज्यांना कुणी आपल्यात घेत नाही असे. लेखिका होती १८ वर्षांची. मुखपृष्ठावर मात्र तिचं पूर्ण नाव नव्हतं. 'एस. ई. हिंटन' एवढंच. टोळ्यांची, मारामारीची गोष्ट एका मुलीनं लिहिली आहे असं कळलं तर परीक्षण लिहिणारे पुरुष ती आधीच बाजूला ठेवतील, अशी प्रकाशकांना धास्ती होती. पुस्तक उघडण्याआधी नाव बघून मत बनवायची मोठ्यांची खोड किती जुनी आहे, बघा!

गोष्ट सांगतो तो १४ वर्षांचा पोनीबॉय. आईवडील मोटार अपघातात गेलेले. तीन भाऊ एकमेकांना धरून राहतात. थोरल्याला धाकट्यांसाठी काबाडकष्ट करावे लागतात. पुढे काय होतं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की टोळीतलं ते पोरगं सूर्यास्त बघतं, पुस्तकं वाचतं, आणि ढसाढसा रडतंही. काही मोठ्या माणसांना हे सगळं फार भावनेच्या भरात लिहिलेलं वाटलं. असेलही. पण चौदाव्या वर्षी भावना लहान असतात, असं कुणी सांगितलं? आतून जसं वाटतं तसं लिहायला त्या वयाचीच मुलगी हवी होती.

आता खरी गंमत ऐका. पुस्तक निघाल्या दिवशी काही फटाके वाजले नव्हते. पण हळूहळू शिक्षकांनी ते वर्गात वाचायला घेतलं. एका मुलानं दुसऱ्याच्या हातात दिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. १९८० साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोजवळच्या लोन स्टार शाळेतल्या मुलांनी तर कमालच केली. या पुस्तकावर सिनेमा निघालाच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या ग्रंथपालबाईंनी पत्र लिहिलं, मुलांनी खाली सह्या ठोकल्या, आणि पत्र धाडलं थेट फ्रान्सिस फोर्ड कपोला या नामांकित दिग्दर्शकाला! त्यांनी पुस्तक वाचलं आणि १९८३ साली सिनेमा पडद्यावर आलासुद्धा. तो अर्पण केलाय त्या बाईंना आणि त्या शाळेच्या मुलांना. आजवर या पुस्तकाच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या आहेत.

कळलं ना मी काय म्हणते ते? मोठ्या लेखकाचं नाव पुस्तकाच्या आधी पोचतं. नवा लेखक मात्र रिकाम्या हातांनी येतो. त्याचं नाव करायचं काम वाचक करतो. आणि पुस्तक मुलांसाठी असेल तर तो वाचक म्हणजे तुम्ही. तुम्ही ते उचललंच नाही, तर त्या लेखकाला दुसरं पुस्तक लिहायचा हुरूप कुठून यायचा?

आता तुम्ही विचाराल, "पण असं पुस्तक ओळखायचं कसं?" सोपं आहे.

एक : पुस्तक उघडलं की सुरुवातीला प्रकाशक, मुद्रक, किंमत असं सगळं छापलेलं एक पान असतं. ते आपण कधी वाचत नाही. तिथं 'प्रथमावृत्ती' आणि साल बघा.

दोन : पण नुसत्या प्रथमावृत्तीवर जाऊ नका. मुरलेल्या लेखकाच्या विसाव्या पुस्तकाचीही प्रथमावृत्ती असतेच की! म्हणून 'लेखकाची इतर पुस्तके' अशी यादी आहे का ते शोधा. यादी नसेल, तर मलपृष्ठावरची ओळख आणि मनोगत वाचा. पहिलं पुस्तक असलं की लेखक बहुतेक वेळा तिथं सांगतोच.

तीन : ग्रंथपाल काकांना किंवा बाईंना विचारा, "यंदाच्या खरेदीत नवं कोण आलंय?" हा प्रश्न त्यांना फार कमी जण विचारतात. बघा कसे खूश होतात ते.

चार : बक्षिसांच्या याद्या बघा. आपल्या राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत 'प्रथम प्रकाशन' असा वेगळा गट असतो आणि बालवाङ्मयाचाही वेगळा असतो. इंग्लंडमध्ये तर २००० सालापासून 'ब्रॅनफोर्ड बोस' नावाचा पुरस्कार मुलांसाठीच्या पहिल्या कादंबरीला देतात. तो लेखकाबरोबर त्याच्या संपादकालाही मिळतो. नव्या लेखकाचं बोट धरणारंही कुणीतरी असतं ना!

पाच : उभ्या उभ्या पहिली दहा पानं वाचा. मग मधलं एखादं पान वाचा. "पुढे काय झालं?" असं वाटलं तर घरी न्या. नाही वाटलं तर खुशाल परत ठेवा. पहिलं पुस्तक आहे म्हणून दया नको. कुठे कुठे ते अडखळेल. सायकल शिकताना आपण नाही का पडत? पण अडखळणं वेगळं आणि कंटाळवाणं असणं वेगळं, हा फरक तुम्हाला दहा पानांत नक्की कळेल.

आणि हो, वाचून झालं की नुसतं 'छान आहे' म्हणून सोडायचं नाही. वहीत तीन ओळी लिहायच्या. कुणाशी दोस्ती करावीशी वाटली? कुठे जांभई आली? आणि हे पुस्तक कुणाच्या हातात द्याल? तिसरी ओळ सगळ्यांत महत्त्वाची. लोन स्टार शाळेतल्या मुलांनी वेगळं काय केलं होतं?

आता दोन शब्द आईबाबांसाठी. कुमारवयातल्या मुलांची नवी पुस्तकं कधी कधी आपल्याला बोचतात. हिंटनबाईंच्या पुस्तकात मारामाऱ्या आहेत, सिगारेटी आहेत, दारूही आहे. अमेरिकेतल्या शाळांत त्यावर आक्षेप घेतले गेले. तिथल्या ग्रंथालय संघटनेनं १९९० ते १९९९ या काळात सर्वांत जास्त आक्षेप आलेल्या १०० पुस्तकांची यादी केली, तीतही ते आहे. अशा वेळी पुस्तक हिसकावून घेण्यापेक्षा आधी स्वतः वाचा. मग मुलांशी बोला. जे मुलं घरी सांगत नाहीत, ते पुष्कळदा एखाद्या पात्राच्या आडून सांगतात. वाढदिवसाला चार गाजलेली पुस्तकं आणताना पाचवं एखाद्या नव्या नावाचं आणा. निवडू द्या मात्र मुलांनाच.

आणि तुमच्यापैकी कुणी गुपचूप गोष्टी लिहीत असेल, तर त्याच्यासाठी एक बातमी. सई परांजपे ठाऊक आहेत ना, 'स्पर्श' आणि 'कथा' या सिनेमांच्या दिग्दर्शिका? त्यांचं 'मुलांचा मेवा' हे पहिलं पुस्तक निघालं तेव्हा त्या होत्या अवघ्या आठ वर्षांच्या! म्हणजे वयाची सबब चालायची नाही. सुझनला हवं होतं ते पुस्तक कपाटात नव्हतं, म्हणून तिनं लिहिलं. तुम्हाला हवं असलेलं कुठलं पुस्तक कपाटात नाही, विचार करून बघा.

तर मग या आठवड्याचा गृहपाठ : वाचनालयात जायचं, खाली वाकायचं, आणि ज्याचं नाव कधी ऐकलं नाही अशा लेखकाचं एक पुस्तक घरी आणायचं. तुमच्या त्या तीन ओळी आम्हाला पत्रानं कळवा. आणि त्या लेखकालाही प्रकाशकाच्या पत्त्यावर दोन ओळी लिहा बरं का. गाजलेल्या लेखकाला पत्रांची वाण नसते. नव्याला मात्र तुमचं पत्र कदाचित पहिलंच असेल!