रेमो ऐकायचाय? मग शिवोलीपासून सुरू करा!

गोव्याच्या रात्रीच्या बसचा एक अलिखित नियम आहे. कात्रजचा बोगदा मागे पडला की कुणीतरी मोबाइलचा स्पीकर ऑन करतो आणि 'हम्मा हम्मा' लावतो. आमच्या ग्रुपमधला तो 'कुणीतरी' म्हणजे अस्मादिक!

गेल्या ट्रिपला शेजारी रूममेट होता. मूळचा म्हापशाचा. त्यानं शांतपणे विचारलं, "सात वर्षं गोव्याला येतोयस ना रे? शिवोली कुठंय, माहितीये?"

नव्हतं.

"ज्याचं गाणं लावलंयस, तो तिथला. त्यानं स्वतः लिहिलेलं एक तरी गाणं ऐकलंयस?"

तेही नव्हतं. मग त्यानं माझ्या कानात इयरफोन कोंबला आणि 'गोवन क्रेझी' लावलं. सातारा कधी आलं, कळलंच नाही.

आपल्या पिढीला रेमो फर्नांडिस माहीत आहे तो हिंदी 'बॉम्बे'मधला (1995) किंवा 'प्यार तो होना ही था'च्या (1998) टायटल साँगमधला. पार्टी, बीच, धमाल. पण ही झाली जत्रेतली ओळख. माणसाला घरी भेटायचं तर दहा-बारा वर्षं मागे जायला हवं.

हा गृहस्थ मुंबईत शिकलेला आर्किटेक्ट. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखं ऑफिस, टेबल, प्रमोशन असं सगळं सरळ होऊ शकलं असतं. त्याऐवजी पठ्ठ्या सत्तरच्या दशकाच्या शेवटी युरोप आणि उत्तर आफ्रिका लिफ्ट मागत फिरला आणि परत येऊन बसला कुठे? गावात! घरीच चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर 1984 साली 'गोवन क्रेझी' केला. चार ट्रॅक म्हणजे आधी एक वाद्य वाजवून टेप करायचं, मग ते ऐकत दुसरं, मग आवाज, मग त्यावर पुन्हा आपलाच आवाज. सगळी वाद्यं हाच वाजवणार, सगळे आवाज याचेच, कव्हरही यानंच काढलेलं. कॅसेट तयार झाल्यावर पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवणाराही हाच. आणि आपण? 'सेटअप नाही रे' म्हणून गिटार माळ्यावर टाकणारे!

तर, सुरुवात कुठून? माझा तीन वीकेंडचा कोर्स असा:

पहिला वीकेंड : 'गोवन क्रेझी'. इंग्रजी गाणी, पण इंग्लंड-अमेरिकेची नक्कल नाही. विषय इथलेच. आवाज थोडा कच्चा वाटेल. वाटू दे. स्टुडिओतली चकाचक सफाई शोधू नका, एका घरातला एक माणूस ऐकू येतोय का बघा.

दुसरा वीकेंड : 'ओल्ड गोवन गोल्ड' (1985). गोव्याची जुनी, पारंपरिक गाणी रेमोच्या पद्धतीनं. कोकणी असल्यानं आपल्याला निम्मं कळतं आणि उरलेलं निम्मं विचारावंसं वाटतं. त्याच वर्षीचा श्याम बेनेगलांचा 'त्रिकाल' सोबत बघून टाका. त्यातही रेमोची गाणी आहेत.

तिसरा वीकेंड : 'पॅक दॅट स्मॅक' (1986) आणि 'बॉम्बे सिटी' (1987). इथे रेमो गावाबाहेर पडतो. पहिल्याचं नावच ड्रग्जच्या विरोधात. म्हणजे 'गोवा म्हणजे नशा' असं समजून आपण ज्याची गाणी लावतो, तोच स्टेजवरून 'फेका ते' म्हणत होता. घ्या!

मग 1992 चा 'पॉलिटिशियन्स डोन्ट नो टू रॉक अँड रोल' तुमचा तुम्हीच शोधाल. 'हम्मा' सगळ्यात शेवटी ऐका. वेगळंच वाटेल, प्रॉमिस!

आता प्रश्न असा, की याला विक्षिप्त म्हणायचं का? ज्यानं आपल्या बँडचं नाव 'मायक्रोवेव्ह पापडम्स' ठेवलं, त्याला दुसरं काय म्हणणार! पण एक किस्सा ऐका. 1986 मध्ये पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले होते. कार्यक्रमात रेमोनं त्यांच्यासमोरच 'हॅलो राजीव गांधी' गायलं. पाहुण्यांना हॅलो म्हणता म्हणता गोव्याची दुखणीही सांगून टाकली. पुढाऱ्यांच्या कपाळाला आठ्या, पेपरात गदारोळ. रेमोनं गाण्याचे शब्द थेट दिल्लीला धाडले. राजीव गांधींचं उत्तर आलं : गाणं आवडलं, त्यात वावगं काही नाही. पुढे 2007 मध्ये याच माणसाला पद्मश्री मिळाली.

मला वाटतं, सगळ्या वेडेपणाचं मूळ इथे आहे. आपल्या गावावर इतकं प्रेम, की त्याच्यावर रागावण्याचाही हक्क वाटावा. आपण गोव्यावर प्रेम करतो ते शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ. रागावण्याइतकं ओळखतच नाही. खरं सांगायचं तर पुण्याबद्दल तरी काय वेगळं? ट्रॅफिकवर दोन जोक फॉरवर्ड केले की आपलं काम संपलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा गोवा आहे. या वेळी बागा-कळंगुटच्या आधी शिवोलीला उतरायचं ठरलंय. काही 'करायला' नाही, नुसतं फिरायला. रूममेट म्हणाला, "येतो रे. पण बसमध्ये गाणी मी लावणार."

मंजूर!