कुंदा डवऱ्याने जात नाही



कातडीच्या कॅन्सरचे नाव निघाले की आपल्या माणसाला आधी सुरी दिसते. मग ‘ऑपरेशनशिवाय बरा करतो’ म्हणणाऱ्या कोणाचा तरी जळजळता लेप लागतो आणि वर्ष निघून जाते. सुरी न लावता होणारे खरे उपचार आहेत. पण ते कशाला चालतात आणि कशाला नाही, हे माहीत पाहिजे.

बेसल सेल नावाचा कॅन्सर बहुधा तोंडावर होतो आणि सावकाश वाढतो. तो पातळ, वरवरचा असेल तर इमिक्विमॉड किंवा फ्लुरोयुरॅसिल ही मलमे डॉक्टरच्या देखरेखीखाली काही आठवडे लावतात. कातडी लाल होते, सोलते. घाबरून मध्येच सोडायचे नाही. नेदरलँड्समध्ये ६०१ रोग्यांवर तुलना झाली. पाच वर्षांनी इमिक्विमॉडवाल्यांत शंभरी सुमारे ८०, फ्लुरोयुरॅसिलवाल्यांत ७० जणांचा रोग उलटला नव्हता. लहान गाठ द्रव नायट्रोजनने गोठवूनही मारतात. गुरांच्या रेतनाच्या कांड्या ज्यात ठेवतात तोच हा, उणे १९६ अंशांचा.

दुसरा स्क्वॅमस सेल. तो जुन्या भाजल्याच्या व्रणात, न भरणाऱ्या जखमेतही उगवतो. धोतराच्या काचाने कमरेवर होणारा कॅन्सर डॉ. खानोलकरांनी १९४५ सालीच नोंदवला. २०२४ साली वर्धा आणि बिहारातील मधुबनीच्या डॉक्टरांनी परकर-लुगड्याच्या काचाने दोन म्हाताऱ्या बायकांना झालेला कॅन्सर मांडला. एकीची जखम १८ महिने भरली नव्हती, दुसरीची दोन वर्षे. दुसरीचा रोग जांघेत उतरला होता.

इथे मलम कामाचे नाही. कोवळे तण डवऱ्याने मरते, कुंदा खणावाच लागतो. ऑपरेशन झेपत नसेल तर किरणोपचार आहेत, पण ते बहुधा आठवड्याला पाच दिवस, कित्येक आठवडे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरसारख्या ठिकाणी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. ऐन वेचणीत बुडालेली मजुरी बसत नाही!

म्हणून कमरेवर वळ, काळा-पांढरा डाग दिसताच नाडी सैल करा, रुंद पट्टा लावा. महिनाभर न भरलेली जखम डॉक्टरला दाखवा. तपासणीला तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही समजूत खोटी आहे. असा तुकडा ग्रामीण रुग्णालयातच काढून तपासणीला पाठवण्याची सोय झाली पाहिजे. तो ठराव या जिल्हा सभेत मांडत आहोत.