सुरतेचा कौल आणि एका मताचे मोल

निवडणूक जवळ आली की गावोगाव पारावर भविष्ये वर्तविली जातात. ज्याच्या सभेला गर्दी अधिक त्याचा विजय ठरलेला, असे पुष्कळजण धरून चालतात. गुजरात राज्याच्या २०१७ सालच्या विधानसभा निवडणुकीने हा हिशेब चुकीचा ठरविला. म्हणून तिच्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

त्या वर्षी जुलैत वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा सुरतेच्या कापड व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून मोर्चे काढले. पुढे पाटीदार आंदोलनाच्या सभांना वराछा भागात माणसांचा पूर लोटला. सुरत आता सत्ताधाऱ्यांवर उलटणार, असे जो तो बोलू लागला. ९ डिसेंबरला सुरतेत मतदान झाले आणि १८ तारखेला मोजणी. जिल्ह्यातील १६ जागांपैकी १५ भारतीय जनता पक्षाकडेच राहिल्या, वराछाही त्यांतच. केवळ मांडवीची आदिवासी जागा काँग्रेसला मिळाली. उलट सौराष्ट्र-कच्छच्या ५४ जागांपैकी ३० काँग्रेसने जिंकल्या. संबंध राज्यात भाजपला ९९ आणि काँग्रेसला ७७ जागा पडल्या. बहुमताला ९२ हव्या होत्या. शहरांनी तारले म्हणून सत्ता राहिली.

याचा अर्थ काय? चिडणे वेगळे आणि साथ सोडणे वेगळे. शिवाय मोर्चात दिसतो तो एक वर्ग. मतदानाच्या रांगेत सर्वच वर्ग उभे असतात. सुरतेत व्यापाऱ्यांप्रमाणेच खानदेशातून पोटासाठी गेलेले हजारो मराठी कामगारही राहतात. रस्त्यावर न दिसलेला माणूसही मत देतोच, हे भविष्य वर्तविणारे विसरतात.

अटीतटीच्या लढतीत एकेका मताला केवढे मोल येते! आपल्या सीमेलगतच्या वलसाड जिल्ह्यात कपराडा येथे निकाल अवघ्या १७० मतांनी लागला, गोध्रा येथे २५८ मतांनी. एखाद्या पाड्यावरची मंडळी त्या दिवशी घरी बसली असती, तरी निकाल फिरला असता. राज्यात पाच लाखांहून अधिक मतदारांनी कोणीही उमेदवार पसंत नसल्याचे बटण दाबले. तो त्यांचा हक्कच. परंतु निवड मग इतरांच्या हाती जाते, हेही ध्यानी असावे.

याच सुरतेत २०२४ साली वेगळाच प्रकार घडला. लोकसभेसाठी काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज सूचकांच्या सह्यांच्या वादात फेटाळला गेला, उरलेल्यांनी माघार घेतली, आणि २२ एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले. सोळा लाखांहून अधिक मतदारांना मत देण्याची वेळच आली नाही. त्यांच्यापैकी कित्येकांना त्या दिवशी कळले असेल, की मताचा हक्क आपल्यापाशी असतो तेव्हा तो किती सहज वाया घालविला जातो.

तेव्हा वाचकहो, मतदारयादीत घरातील प्रत्येकाचे नाव आहे की नाही, हे वेळीच पाहावे. कामानिमित्त परगावी असलेल्या मुलांना मतदानाची तारीख आधी कळवावी. आणि पतीने पत्नीला, बापाने मुलाला कोणाला मत दिलेस असे विचारू नये. ज्याचे मत त्याचेच असावे.