तंबू हलवले, माणसे तिथेच

डब्लिनच्या माउंट स्ट्रीटवर आयर्लंडचे आश्रय-अर्ज घेणारे कार्यालय आहे. त्याच्याच भिंतीला लागून 2024 च्या वसंतात सुमारे दोनशे तंबू उभे होते. आत अर्जाची नोंद व्हायची आणि बाहेर आल्यावर तोच अर्जदार फुटपाथवर झोपायचा. बहुतेक सगळे एकटे आलेले पुरुष, अफगाणिस्तान, पॅलेस्टाईन, सोमालियातून आलेले. 4 डिसेंबर 2023 पासून सरकारने एकट्या पुरुषांना निवारा देणे थांबवले होते. त्याऐवजी आठवड्याचा भत्ता 38.80 वरून 113.80 युरो केला. डब्लिनचे भाडे ज्याला माहीत आहे, त्याला या आकड्याचे हसू येईल.

मग सरकारने काय केले? 16 मार्चला, सेंट पॅट्रिक डेच्या आदल्या दिवशी, शहरात पाहुणे येणार म्हणून की काय, या लोकांना बसमध्ये बसवून डोंगराकडच्या क्रूक्सलिंगला नेले. तिथेही तंबूच. बरेच जण परत आले. शहरात निदान उजेड होता, माणसे होती, मदत करणारे स्वयंसेवक होते. 1 मे रोजी पहाटे माउंट स्ट्रीट रिकामा झाला, तंबू ट्रकमध्ये गेले, फुटपाथवर अडथळे लागले. काही दिवसांतच ग्रँड कॅनॉलच्या काठी नवे तंबू दिसू लागले. 9 मे रोजी तेही हटवले आणि कालव्याकाठी लोखंडी कुंपण घातले. कुंपणासाठी पैसा आणि माणसे मात्र तातडीने मिळाली.

सरकारची अडचण खोटी नव्हती, हे मान्य करायला हवे. घरांची टंचाई आयरिश तरुणांनाही छळते आहे आणि युक्रेनमधून एक लाखावर लोक त्या छोट्या देशात आले होते. पण जागा नाही म्हणून माणसाचा हक्कही संपतो का, हा खरा प्रश्न आहे. 2023 च्या एप्रिलमध्येच आयर्लंडच्या हायकोर्टाने एका अफगाण तरुणाच्या बाबतीत सरकारचे वागणे बेकायदा ठरवले होते. त्यानंतरचा एक खटला तर आपल्यालाही जवळचा आहे. त्यात दोन अर्जदार होते, एक अफगाण आणि एक भारतीय. दोघांना निवारा मिळाला नाही, हातात प्रत्येकी 25 युरोचे एक व्हाउचर पडले. उघड्यावर झोपणे, अर्धपोटी राहणे, मारहाण, सगळे भोगून त्यांनी नुकसानभरपाई मागितली. कायदा मोडला हे सरकारने नाकारलेच नाही. लोंढा अनपेक्षित होता, आमचा इलाज नव्हता, एवढाच बचाव. 1 ऑगस्ट 2025 रोजी युरोपियन युनियनच्या न्यायालयाने तो फेटाळला. केंद्रे भरली असतील तर दुसरीकडे सोय करा किंवा राहण्या-खाण्याला पुरतील इतके पैसे द्या, पण किमान गरजा भागवणे टळत नाही, असा त्याचा अर्थ.

मला जास्त खटकते ती रांग. बायका-मुले आधी, यात वाद नाही. पण "एकटा पुरुष" हा शब्द हळूहळू संशयाचा शब्द बनतो. घर विकून, कर्ज काढून कुटुंबाने एकाला पुढे पाठवलेले असते, कारण सगळ्यांचा खर्च झेपत नाही. तो पुढे पोहोचला की त्याचे तरुण असणे, पुरुष असणे आणि पुष्कळदा मुसलमान असणे हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा होतो. ही नजर तुम्हा-आम्हाला वेगळी समजावून सांगायला नको, भाड्याने खोली शोधताना ती आपण इथेही पाहतो.

आयर्लंडवर टीका करणे आपल्याला सोपे आहे. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे आश्रयाचा वेगळा कायदाही नाही. त्या भारतीय अर्जदाराला तिथल्या सरकारने फुटपाथवर सोडले, पण त्याच सरकारला कोर्टात खेचायला त्याच्या हातात एक कायदा होता. आपल्या शहरांत राहणाऱ्या रोहिंग्या माणसाने कोणता कायदा दाखवायचा?